रेंज नसलेल्या वाड्यांसाठी नकाशे: क्यूफील्डसोबतचे आठ महिने

ऑक्टोबरात आमच्या कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये मी पहिल्यांदा नकाशा भरून दिला, तेव्हा तो २.६ जीबीचा होता. मे महिन्यात तेच काम १४० एमबीत होत होतं, आणि आधीपेक्षा बरं होत होतं. मधल्या आठ महिन्यांत मी शिकले ते एवढंच, की काय काय काढून टाकायचं.

काम काय होतं ते आधी सांगते. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, प्रवरा आणि मुळा यांच्या उगमाकडच्या खोऱ्यांत, झरे, विहिरी आणि ओढ्यातले डवरे, म्हणजे पाण्यासाठी उकरलेले खड्डे, यांची नोंद करायची होती. पावसाळ्यात इथे छत्री टिकत नाही, आणि मार्च लागला की बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण भंडारदऱ्याच्या आसपास शब्दशः खरी आहे. कुठला झरा कधी आटतो हे कळायला दर पंधरा दिवसांनी तिथे जाऊन मोजावं लागतं. दहा लिटरची बादली लावायची आणि भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं. पाच जण हे करत होते, तीन ताया आणि दोन पोरं, सगळे तिथल्याच वाड्यांतले. राजूर मागे पडलं की रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशा आणि नोंदीचा फॉर्म दोन्ही फोनमध्येच हवेत.

लॅपटॉपवर नकाशे बांधायला क्यूजीआयएस आणि फोनवर ते उघडून नोंदी भरायला क्यूफील्ड, अशी जोडी घेतली. दोन्ही फुकट आणि मुक्तस्रोत. लॅपटॉपवर जे थर (झरे, वाटा, घरं असा प्रत्येक प्रकारचा वेगळा पापुद्रा), रंग आणि फॉर्म ठरवाल ते जसेच्या तसे फोनवर उघडतात, हा या जोडीचा खरा फायदा. क्यूजीआयएसला जोडायचं क्यूफील्डसिंक नावाचं प्लगइन सगळं एका फोल्डरमध्ये बांधून देतं. ते केबलने किंवा झिप करून फोनवर टाकायचं, की झालं. नेहमीचं नकाशांचं अ‍ॅप रस्ता दाखवायला पुरतं, पण त्यात आपले झरे आणि आपला फॉर्म घालून पाच जणांच्या नोंदी एकत्र करता येत नाहीत.

आता त्या २.६ जीबीबद्दल. चूक सर्वस्वी माझी. पार्श्वभूमीला मी सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र घेतलं होतं. ते फुकट मिळतं, परवान्याची कटकट नाही. त्याचे तुकडे, म्हणजे टाइल्स, पाडून एमबीटाइल्सची एकच फाइल करायची असते. क्यूजीआयएसने विचारलं कितव्या झूमपर्यंत, म्हणजे किती पायऱ्या जवळ जाता यावं, मी १९ लिहिलं. जास्त म्हणजे चांगलं, असं वाटलं. झूम एक पायरी वाढवला की टाइल्स चौपट होतात, हे माहीत असूनही हिशोब केला नाही.

तो हिशोब असा. आपल्या अक्षांशावर झूम १४ ला एक पिक्सेल जमिनीवर साधारण ९ मीटरचा असतो. सेंटिनेलच्या चित्राचा मूळ पिक्सेलच १० मीटरचा. म्हणजे १४ च्या पुढे त्या चित्रात नवीन काही दिसणारच नाही, तेच ठिपके फुगून मोठे होतील. आणि १० किलोमीटर लांब, १० किलोमीटर रुंद चौकोनाला झूम १४ वर २० च्या आसपास टाइल्स लागतात, तर झूम १९ वर १९ हजारांहून जास्त. आमचं क्षेत्र याच्या सहापट. फुगवलेल्या ठिपक्यांनी ३ जीबी रॅमचे फोन भरून मी त्यांना डोंगरात पाठवलं होतं. एका ताईने आल्यावर सांगितलं, "नकाशा उघडेस्तोवर आमचं पाणी मोजून व्हतं." याहून नेमकं परीक्षण मला लिहिता येणार नाही.

आता रचना अशी आहे. सेंटिनेलचं चित्र झूम १४ पर्यंतच, मोजून काही एमबी. त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची शीटं झूम १६ पर्यंत, सगळ्यात जास्त जागा तीच खातात. घरांसाठी उपग्रहचित्रांवरून काढलेल्या इमारतींच्या चौकटी खुल्या परवान्याने मिळतात. त्या रेषांच्या स्वरूपात असल्याने कितीही जवळ गेलं तरी फाटत नाहीत आणि जागाही फार घेत नाहीत. गोठा आणि घर त्यात वेगळं कळत नाही, पण वाडी कुठे आहे ते कळतं. वाटा आणि ओढे ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटामधून. इथे एक सांगून ठेवते: त्यांचा डेटा खुला आहे, पण त्यांच्या सर्व्हरवरून तयार टाइल्स घाऊक उतरवायला मनाई आहे. डेटा घ्या आणि रंग आपले आपण द्या. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, आधी दर १० मीटर उंचीला एक अशा टाकल्या होत्या. कड्यांच्या जागी नुसता काळा पट्टा दिसायचा. ५० मीटरच्या केल्या. शेवटी विचारलं तर कळलं की त्या कुणी बघतच नव्हतं. चढ किती आहे हे तिथल्या माणसाला फोनने कशाला सांगायचं? काढून टाकल्या.

नावांचा प्रश्न मात्र काढून टाकून सुटणारा नव्हता.

पहिल्याच दिवशी एका दादाने फोन हातात घेतला आणि विचारलं, "ताई, यात आमची वाडी कुठंय?" वाडी होती, पण नकाशावर तिचं नाव महसुली गावाचं होतं, आणि त्या नावाने तिला शासनाखेरीज कुणी हाक मारत नाही. झऱ्यांचं तर विचारूच नका. 'उंबराचं पाणी', 'खालचा झिरा', 'म्हसोबामागचं' ही नावं एकाही कागदावर नाहीत. कार्यकर्ते एकमेकांशी त्याच नावांनी बोलतात, आणि नकाशावर मी दिलेले ओएच-१७, ओएच-१८ असे क्रमांक. नोंदी चुकीच्या झऱ्यावर पडायला लागल्या यात नवल नाही. डिसेंबरात दोन दिवस सगळ्यांना एकत्र बसवून नावांचा एक वेगळा थर केला. एका झऱ्याला दोन वाड्यांची दोन नावं असतील तर दोन्ही. एवढं झाल्यावर चुकीच्या नोंदी जवळपास थांबल्या. अख्ख्या हंगामात सगळ्यात उपयोगी पडलेलं काम हेच, आणि त्यात तंत्रज्ञान जवळजवळ काहीच नव्हतं.

तंत्रज्ञान आडवं आलं ते दुसरीकडून. जुना डेटा शेपफाइल या नकाशांच्या जुन्या फाइलप्रकारात होता. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणजे रकान्याचं नाव तीन अक्षरांत बसवा. 'झऱ्याचं नाव' तर राहू द्याच, नुसतं 'पाणी' लिहिलं तरी चार अक्षरांचा हिशोब होतो आणि शेपूट तुटतं. रकान्यातल्या मजकुरालाही २५४ बाइटांची हद्द, म्हणजे ८४ अक्षरं. मराठीत काम करणाऱ्याने शेपफाइलला पहिल्या दिवशी नमस्कार करावा आणि जिओपॅकेज हा नवा फाइलप्रकार धरावा. तिथे ही भानगड नाही, एकाच फाइलमध्ये सगळे थर मावतात, आणि क्यूफील्डला तेच मानवतं. जुन्या शीटांवरून कुणी बिगरयुनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं मिळाली तर ती आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर फोनवर खिचडी दिसते.

उन्हात काय दिसतं ते कार्यालयात बसून कळत नाही. ट्यूबलाइटखाली गर्द हिरवं उपग्रहचित्र सुंदर वाटायचं. एप्रिलच्या दुपारी सड्यावर उभं राहिल्यावर त्याच पडद्यात स्वतःचं तोंड दिसतं, बाकी काही नाही. तेव्हापासून चित्र फिकट करते, जवळजवळ धुतल्यासारखं. त्यावर वाटा जाड तपकिरी, पाणी जाड निळं, आणि झऱ्याचा ठिपका बोटाएवढा. मला ते बटबटीत वाटतं. पण नकाशा माझ्यासाठी नाही.

जीपीएसला रेंज लागते, हा लोकांचा गैरसमज अजून जात नाही. ती लागत नाही. फोन विमान मोडवर टाकला तरी स्थान मिळतं, उलट रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. फक्त इंटरनेटची मदत नसल्यामुळे उपग्रह सापडायला सुरुवातीला वेळ लागतो. म्हणून आमचा नियम असा, की वाडीतून निघताना उघड्यावर फोन धरून ठिपका स्थिर होऊ द्यायचा, मग चालायला लागायचं. उघड्या माळावर अचूकता ३ ते ५ मीटर मिळते. कड्याच्या पोटाला किंवा दाट झाडीत हेच अंतर कितीतरी वाढतं, आणि झरे नेमके तिथेच असतात. क्यूफील्डमध्ये अचूकतेची मर्यादा ठरवता येते आणि एका जागी उभं राहून अनेक मोजण्यांची सरासरीही घेता येते. या सरासरीचा आम्हाला फार उपयोग झाला. दुसरी युक्ती म्हणजे झऱ्याची जागा एकदाच नीट नोंदवायची आणि नंतर त्या थराची भूमिती, म्हणजे ठिपक्यांच्या जागा, कुलूपबंद करायची. दर फेरीला फक्त मोजणीची नवी ओळ जोडली जाते. झरा काही पंधरा दिवसांनी सरकत नाही.

अंतरं मोजायची असतील तर प्रकल्प यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात ठेवा, क्यूजीआयएसमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. हे पश्चिमेकडच्या महाराष्ट्रासाठी. ७८ रेखांशाच्या पूर्वेला, नागपूर-गडचिरोलीकडे, पट्टा बदलतो.

आता दोन अपघात, दोन्ही माझ्या पूर्वतयारीतले.

पहिला किरकोळ. पाच फोनांवर नवीन नोंदींना क्रमांक आपोआप १ पासून पडत होते. लॅपटॉपवर एकत्र केल्यावर पाच वेगवेगळे झरे क्रमांक ४१ घेऊन समोर उभे. कुठला फोटो कुठल्या ४१ चा हे लावण्यात एक आठवडा गेला. आता प्रत्येक नोंदीला यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच नोंदीला न मिळणारा ओळखक्रमांक, पडतो, क्यूजीआयएसमध्ये रकान्याचं आपोआप मूल्य म्हणून एक सूत्र लिहिलं की झालं. दिसायला लांबलचक आणि कुरूप, पण दोन नोंदींची टक्कर होत नाही.

दुसरा अपघात आठवला की अजून पोटात गोळा येतो. फेब्रुवारीत एका पोराचा फोन लग्नाच्या व्हिडिओंनी भरला. जागा करायला त्याने क्यूफील्ड काढून टाकलं. ताईकडून परत घालून घेऊ, असा त्याचा साधा विचार. नव्या अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप काढलं की त्याचं स्वतःचं फोल्डरही जातं, आणि आमच्या नोंदी त्याच फोल्डरमध्ये होत्या. ११ दिवसांच्या मोजण्या गेल्या. झरा मागे जाऊन परत मोजता येत नाही. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण हे मी कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून आठवडी बाजाराला जो कोणी राजुरात येईल तो फोन घेऊन येतो, आणि चहा होईपर्यंत फोल्डर केबलने लॅपटॉपवर उतरतं. क्यूफील्डक्लाउड वापरून रेंज मिळताच नोंदी वर पाठवण्याची सोयही आहे, पण आमच्याकडे बाजार जास्त नेमाने भरतो.

फोटोंबद्दल थोडक्यात: फॉर्ममधूनच काढा, आकाराची मर्यादा आधीच घालून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली जागेची माहिती निघून जाते. ही गोष्ट पाचही जणांना तीन-तीनदा सांगावी लागली.

फॉर्म मी आधी २३ प्रश्नांचा केला होता. आता ६ आहेत, त्यातले ४ यादीतून निवडायचे. ओल्या हाताने, एका बाजूला बादली धरून जेवढं भरता येईल तेवढंच विचारावं.

मग घ्यावं का? दोन-चार जणांची टीम असेल आणि त्यातल्या एकाला क्यूजीआयएस शिकायला महिनाभर देता येत असेल, तर जरूर. फोनवरचं काम कार्यकर्ते दोन दिवसांत शिकतात, आमच्यातल्या एक ताई सातवी शिकलेल्या आहेत आणि त्यांच्या नोंदी सगळ्यात स्वच्छ असतात. वेळ खातं ते लॅपटॉपवरचं बांधकाम. तिथे बसायला कुणी नसेल तर नुसती ठिकाणं खुणेने टिपणारं साधं अ‍ॅप घ्या. फक्त वाट शोधायची असेल तर ऑरगॅनिक मॅप्स हे रेंजशिवाय चालणारं नकाशांचं अ‍ॅप पुरे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मार्चमध्ये एका वाडीतल्या आजींनी देवराईतला एक झिरा दाखवला, बाकी सगळं आटल्यावर त्यावर आठ-दहा घरं निघतात. म्हणाल्या, "तुझ्या नकाशात घाल, पण भायेर देऊ नको. ट्रेकवाले येत्यात न् पाण्यात भांडी धुत्यात." मी घातला. नंतर लक्षात आलं की जिओपॅकेज ही कुलूप नसलेली पेटी आहे, फोन ज्याच्या हातात पडेल तो उघडून बघू शकतो, आणि फाइल एकदा पुढे गेली की गेली. मुख्य नकाशातून तो ठिपका काढला. आता तो एका वेगळ्या फाइलमध्ये, फक्त त्याच वाडीच्या ताईंच्या फोनवर आहे. लॅपटॉपवर त्याची प्रत ठेवायची की नाही, हे आजींना विचारायला पावसाच्या आधी एकदा वर जाऊन यायचं आहे.