कंपनीचा एकच डबा, की वायफाय आपलं वेगळं?

फायबरचं नवं कनेक्शन घेताना माणूस प्लॅनच्या शंभर-दोनशे रुपयांवर तासभर खल करतो आणि भिंतीवर कुठला डबा लागणार हे मात्र ड्रिल घेऊन आलेल्या पोरावर सोडून देतो. मग पुढची दोन-तीन वर्षं आतल्या खोलीत व्हिडिओ अडकतो, आणि शिव्या प्लॅनला बसतात.

घरात कामं दोन असतात. काचेच्या तारेतून आलेला प्रकाश वाचणं हे मोडेमचं काम. फायबरवाले त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. ते एकच कनेक्शन घरातल्या दहा उपकरणांत वाटणं आणि वायफाय देणं हे राउटरचं. दोन्ही एका डब्यात बसवली की झाला कॉम्बो. जिओ असो, एअरटेल असो की गल्लीतला केबलवाला, आज बहुतेक जण हाच बसवून जातात.

स्वतःचा कॉम्बो बाजारातून आणावा का, हा प्रश्न आधी निकालात काढू. बीएसएनएलचं ब्रॉडबँड फोनच्या तारेवर चालायचं तेव्हा हे सहज जमत असे. दुकानातून एडीएसएल मोडेम-राउटर आणायचा, व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे लाईनचे दोन ठरलेले आकडे भरायचे, युजरनेम-पासवर्ड टाकायचा, झालं. फायबरमध्ये तसं नाही. ओएनटीचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदवल्याशिवाय तो जोडलाच जात नाही. ‘एक्सपॉन’ छापलेले डबे ऑनलाइन भरपूर मिळतात, ते जीपॉन आणि ईपॉन या फायबरच्या दोन्ही पद्धतींवर चालतात हेही खरं. पण तुमचा ऑपरेटर ‘आणा, मी चढवून देतो’ म्हणाला तरच ते घेण्यात अर्थ आहे. छोट्या ऑपरेटरकडे हे होऊ शकतं, मोठ्या कंपनीकडून आशा धरू नका. आणि एक गंमत: काही इमारतींत ऑपरेटरचं फायबर गच्चीवरच्या पेटीपर्यंतच असतं, घरात येते ती साधी लॅनची केबल. तिथे मोडेमची भानगडच नाही. नुसता राउटर पुरतो.

म्हणजे मोडेम कंपनीचाच राहणार. ठरवायचं एवढंच, की वायफायही त्याच डब्यातून घ्यायचं की त्यापुढे आपला राउटर लावायचा.

एका डब्याच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा वेगाचा नाही, फोनवरून बोलण्याचा आहे. आई-बाबा संगमेश्वरला, मुलगी पुण्यात. नेट गेलं की तिने विचारायचं, “बाबा, एलओएस लिहिलंय तिथे लाल लागलाय का?” लाल असेल तर प्रकाशच येत नाही: तार तुटली, कुणाच्या झाडाच्या फांदीने ओढली, किंवा मागचा हिरवा कनेक्टर सैल झाला. ‘पॉन’ लिहिलेला दिवा हिरवा स्थिर असेल तर लाईन बहुधा ठीक आहे, गडबड पुढची. दोन वाक्यांत निदान होतं आणि तक्रार एकाच नंबरवर जाते. दोन डबे, दोन अ‍ॅडॅप्टर आणि मधली पिवळी केबल असली की हाच फोन अर्ध्या तासाचा होतो, आणि कंपनीचा माणूस येऊन ‘आमची लाईन ओके आहे, तुमचा राउटर बघा’ म्हणून निघून जातो. शिवाय लँडलाइनचा फोन याच डब्याच्या मागे जोडलेला असतो, तोही सांभाळावा लागतो. वयस्कर मंडळी एकटी राहत असतील तर मी डोळे झाकून एकच डबा सांगेन.

वन आरके, वन बीएचके असेल तरीही तेच. फक्त डबा ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही लहरींचा, आहे का हे बसवण्याआधी विचारा. काही छोटे ऑपरेटर अजूनही २.४ गिगाहर्ट्झपुरता स्वस्त डबा देतात. ठाणे-डोंबिवलीच्या दाट वस्तीत फोनवर वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यांची पंचवीस नावं दिसतात, आणि २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. सगळे तिथेच कोंबलेले. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा बरीच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ वायफायसाठी विनापरवाना खुले केले. पण ५ ची लहर भिंतीत लवकर मरते.

वेगळ्या राउटरची खरी बाजू इथून सुरू होते. कॉम्बो जिथे फायबर आत येतं तिथेच टांगला जातो: मुख्य दाराशी डक्टजवळ, नाहीतर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. म्हणजे घराच्या एका टोकाला, बऱ्याचदा बंद कपाटात. शेवटच्या बेडरूमपर्यंत मध्ये बाथरूमच्या टाइल्स, आरसा लावलेलं वॉर्डरोब आणि लोखंडी सळ्यांचा आरसीसी कॉलम येतो. कितीही अँटेना असू देत, त्यापुढे वायफाय दम टाकतं. ओएनटी दाराशीच राहू द्यायचा, त्यातून एक कॅट ६ (लॅनची) केबल पॅसेजच्या मधोमध न्यायची आणि आपला राउटर तिथे, डोक्याच्या वर लावायचा. अशी केबल १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते. टू-थ्री बीएचके लांबट फ्लॅटमध्ये या एका बदलाने जो फरक पडतो, तो प्लॅन १०० एमबीपीएसवरून ३०० केल्याने पडत नाही. कॉम्बो आतल्या खोलीत हलवता येत नाही असं नाही, पण फायबर वाढवायचं म्हणजे माणूस बोलवा, जोड मारा, आणि कोपऱ्यात तार जास्त वाकली की सिग्नल गळतो. लॅनची केबल इलेक्ट्रिशियनही ओढून देतो.

राउटर घेताना खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. एसी१२०० म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची बेरीज, वर गोल केलेली. कुठल्याही एका फोनला ते कधी मिळत नाहीत. त्याहून महत्त्वाचा आकडा खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतो: पोर्ट (केबल लावायच्या खाचा) १०/१०० आहेत, म्हणजे १०० एमबीपीएसपर्यंतचे, की गिगाबिट, म्हणजे १००० पर्यंतचे. टीपी-लिंकच्या आर्चर सी५० आणि आर्चर सी६ या दोन्हींवर एसी१२००च लिहिलेलं आहे. पहिल्याचे पोर्ट १०० चे, दुसऱ्याचे गिगाबिट. ३०० चा प्लॅन घेऊन १०० चा पोर्ट लावला की स्पीड टेस्ट ९०-९५ वर अडकून बसते आणि कस्टमर केअरशी वाद सुरू होतो. आज नवीन घेत असाल तर वायफाय ६ चा गिगाबिट राउटर घ्या. वायफाय ७ साठी जास्तीचे पैसे मोजावेत असं सध्या साध्या घरात काही नाही.

आता दोन डब्यांची खरी डोकेदुखी. दोघेही राउटरचं काम करत राहतात. कंपनीचा डबा एक वायफाय देतो, तुमचा दुसरं. मुलाचा लॅपटॉप एकावर, प्रिंटर दुसऱ्यावर, आणि प्रिंट काही निघत नाही. यावर उपाय दोन. एक, कंपनीला ओएनटी ब्रिज मोडवर टाकायला सांगायचं, म्हणजे तो नुसता मोडेम राहतो, आणि पीपीपीओई (लॉगिन करून जोडण्याची पद्धत) असेल तर त्याचं युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरायचं. हा शुद्ध मार्ग, पण काही कंपन्या ब्रिज देत नाहीत. दुसरा मार्ग कुणाच्या परवानगीचा नाही: आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, राउटरचं काम करणार नाही, आणि कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. घरातलं सगळं एकाच जाळ्यात येतं. ऐंशी टक्के फायदा, डोकेदुखी जवळपास शून्य; मी हाच सुचवतो. बाहेरून घरचा कॅमेरा किंवा डीव्हीआर बघायचा असेल तर आधी डब्याच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने डब्याला दिलेला पत्ता) पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तो पत्ता तुमच्या एकट्याचा नाही, कंपनीने अनेकांत वाटलेला आहे. मग राउटर कितीही भारी आणा, पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी घरातल्या कॅमेऱ्याकडे वळवणं, चालणार नाही.

सुरक्षेत एका डब्याचं पारडं थोडं जड, कारण त्याचं सॉफ्टवेअर कंपनी तिकडूनच बदलू शकते. आपल्या राउटरचं अपडेट आपणच बघायचं, किंवा ऑटो अपडेट चालू ठेवायचं. डबा कुणाचाही असो, लॉगिनचा अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा.

वीज जाणाऱ्या गावात हिशेब थोडा बदलतो. जीपॉनचे रस्त्यावरचे स्प्लिटर (एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारे) विजेशिवाय चालतात, त्यामुळे ऑपरेटरच्या टोकाला बॅकअप असेल आणि तुमच्या डब्याला मिनी यूपीएस असेल तर अंधारातही नेट चालू राहतं. कॉम्बोला एक यूपीएस पुरतो. दोन डब्यांना दोन आउटपुटचा लागतो, आणि व्होल्टेज जुळावं लागतं: ओएनटी बहुधा १२ व्होल्टचा, पण छोटे राउटर ९ व्होल्टचेही असतात. अ‍ॅडॅप्टरवरचं वाचल्याशिवाय पिन घुसवू नका.

दुमजली घर किंवा जाड दगडी भिंतींचा वाडा असेल तर एका राउटरने भागणार नाही. मेश (मिळून एकच वायफाय देणारी दोन-तीन युनिट) घ्या, आणि जमेल तिथे दोन युनिट केबलने जोडा. हजारभर रुपयांचा रिपीटर हा फक्त सांत्वनाचा उपाय. तो त्याच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो, म्हणून वेग अर्ध्यावर येतो.

फायबर पोचलंच नसेल तर २०२३ पासून एअरफायबर, म्हणजे तारेऐवजी ५जी वरून येणारं घरचं इंटरनेट, आहे. तिथे गच्चीवरचं युनिट कंपनीचं, त्यात निवड नाही. घरातल्या डब्यापुढे मात्र वरचीच अ‍ॅक्सेस पॉइंटची युक्ती चालते.

कंपनी बदलायची वेळ येते तेव्हा वेगळ्या राउटरवाल्याचं काम सोपं होतं: ओएनटी बदलतो, वायफायचं नाव तेच राहतं, टीव्ही-कॅमेरे आपोआप जोडले जातात. कॉम्बोवाल्यानेही नव्या डब्यात जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड हुबेहूब लिहिला तर हे बहुतेक साधतं. जुना डबा परत देताना मात्र अ‍ॅडॅप्टरसकट द्या, सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा आणि पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. डिपॉझिट मागायला गेल्यावर पहिली विचारणा तिचीच होते.