जुना पंखा ठेवावा की नवा घ्यावा?

संगणकाच्या जुन्या कॅबिनेटमधून काढलेला 120 मिमीचा पंखा अजून फिरतोय, मग तोच नव्या मशीनला लावावा का? हे ठरवताना त्याचं वय मोजू नका, बेअरिंग कुठलं आहे ते बघा. ‘पूर्वीचा माल दणकट’ हे पंख्यांच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. घरघरणारे पंखे तेव्हाही ढिगाने होते. ते केव्हाच कचऱ्यात गेले आणि आपल्यासमोर उरले ते टिकलेले.

जुन्यातले स्वस्त पंखे बहुतेक बुशवाले, म्हणजे स्लीव्ह बेअरिंगचे. तेल मुरवलेल्या सच्छिद्र धातूच्या नळीत दांडा फिरतो. नवा असताना अगदी शांत, पण उष्णतेने तेल आटत जातं, आणि कॅबिनेटच्या छताला आडवा लावला तर झीज आणखी लवकर होते. मात्र यातल्या बऱ्याच पंख्यांना घरी जीवदान देता यायचं: मागचं स्टिकर उचकटायचं, रबरी बूच काढायचं, तेलाचा थेंब सोडायचा, की आणखी काही महिने निघाले. नव्या सीलबंद बेअरिंगमध्ये ही सोय गेली, आणि ते मला अजून खटकतं.

दुहेरी बॉल बेअरिंगचा, म्हणजे छर्रेवाला पंखा वेगळ्या जातीचा. उष्णता सोसतो, उभा-आडवा कसाही चालतो; सर्व्हरमध्ये आजही तो दिसतो. मंद गतीला बारीक खरखर येते, ही त्याची खोट. पण बिघडायच्या आधी तो आरडाओरडा करतो, बुशवाल्यासारखा एका सकाळी गुपचूप अडकून बसत नाही. हातातला पंखा डेल्टा, सान्यो डेन्की किंवा निडेक कंपनीचा छर्रेवाला निघाला, तर मी तो फेकणार नाही.

नव्यांची खरी कमाई म्हणजे फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग. नळीत कोरलेल्या बारीक खाचांमुळे फिरताना तेलाचा दाब तयार होतो आणि दांडा त्या थरावर तरंगतो. बुशची शांतता आणि छर्र्यांच्या जवळ जाणारं आयुष्य, दोन्ही एकत्र मिळतं. खोक्यावर ‘हायड्रॉलिक’ किंवा ‘रायफल’ लिहिलेलं दिसलं, तर तो अनेकदा सुधारलेला बुशच असतो. वाईट नाही, पण त्या नावाचे जादा पैसे मोजू नका.

पात्यांत तर जमीन-अस्मानाचा फरक पडलाय. साधं प्लास्टिक उष्णतेने आणि फिरण्याच्या ताणाने हळूहळू लांबतं, म्हणून पातं आणि चौकट यांत फट मोठी ठेवावी लागायची. नॉक्टुआ कंपनीने 2018 साली एनएफ-ए12एक्स25 हा पंखा आणला तेव्हा कमी ताणलं जाणारं एलसीपी नावाचं कडक प्लास्टिक वापरून ही फट 0.5 मिमीवर आणली. फट लहान म्हणजे हवा मागे कमी गळते. पाण्याने थंड होणाऱ्या मशीनच्या दाट रेडिएटरवर हा फरक चटकन कळतो. तेवढ्यासाठी जुना पंखा बदलायला माझी हरकत नाही.

वेगाच्या नियंत्रणातही नवा पुढे. तीन पिनांच्या पंख्याचं व्होल्टेज फार उतरवलं की तो सुरूच होत नाही. चार पिनांच्या पंख्याला 25 किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम, म्हणजे झटपट चालू-बंद होऊन वेग ठरवणारा संकेत मिळतो. तो कानाच्या टप्प्याबाहेरचा, आणि पंखा खूप मंद फिरवता येतो.

घसरण झाली आहे ती तळाच्या मालात. दिव्यांच्या झगमगाटी संचात पैसा बेअरिंगऐवजी एलईडीत जातो, आणि काही संचांचे प्लग असे असतात की एक पंखा मेला तर बाजारातला दुसरा जोडता येत नाही. असल्या संचापेक्षा चांगला जुना पंखा केव्हाही बरा.

खोक्यावरच्या तासांनीही भुलू नका. 1,50,000 तास म्हणजे सलग 17 वर्षं. तेवढी वर्षं कुणी पंखा फिरवून पाहिलेला नसतो. थोड्या काळाच्या चाचणीवरून काढलेला तो अंदाज असतो. तो किती तापमानाला काढला तेही बघा; 25 अंशांचा आकडा गरम कॅबिनेटमध्ये उपयोगाचा नाही. मी आधी वॉरंटीची वर्षं वाचतो.

जुना ठेवायचं ठरलंच, तर मशीन बंद असताना मधला भाग बोटांत धरून हलवा. पुढे-मागे किंचित हलला तर चालेल. बाजूला डुगडुगला तर बेअरिंग झिजलंय, मग तेल घालण्यात वेळ घालवू नका.