स्फिंक्स : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फाईल हाताळणीसाठीच्या एका छोट्या पायथन लायब्ररीचे दस्तऐवजीकरण आमच्या गटाने काही महिन्यांपूर्वी मार्कडाउन या साध्या खुणांच्या लेखनपद्धतीतील सुट्या फाईलींतून उचलून स्फिंक्सवर, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून दस्तऐवजांची पाने बांधून देणाऱ्या साधनावर नेले. त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा विचारल्या जात, कोणीतरी वेळ काढून उत्तर आणि नमुना कोड देई, आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत तो कोड चालेनासा झाला तरी तसे कळायला काहीच मार्ग नसे. स्फिंक्स २००८ साली गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथनच्याच दस्तऐवजांसाठी प्रसिद्ध केले आणि २०१६ मध्ये लिनक्स कर्नलचे दस्तऐवजही त्याकडे वळले, तेव्हा साधनाच्या टिकाऊपणाविषयी शंका नव्हती. नमुना कोड ताजा ठेवायला त्याची कितपत मदत होते, एवढेच पाहायचे होते.

मदत होते, आणि तीही मुख्यतः डॉकटेस्ट या तपासणीमुळे. दस्तऐवजातील उदाहरण स्फिंक्स प्रत्यक्ष चालवून पाहते आणि छापलेले उत्तर जुळले नाही तर बांधणी (दस्तऐवजाची पाने तयार करण्याची प्रक्रिया) नापास करते. फाईलींच्या बाबतीत ही तपासणी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त बोलकी ठरली. लिनक्सवर काम करणाऱ्या सहकाऱ्याने पाथलिबचे, म्हणजे फाईलींचे पत्ते हाताळणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलचे उदाहरण लिहिले की उत्तरात ‘पॉझिक्सपाथ’ येते. तेच विंडोजवर ‘विंडोजपाथ’ होते आणि चाचणी कोसळते. फोल्डरमधील फाईलींची यादी कोणत्या क्रमाने मिळेल याची हमी ऑपरेटिंग सिस्टीम देत नाही, त्यामुळे क्रम लावून न घेतलेले उदाहरण एका संगणकावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक ठरते. एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) न सांगता उघडलेल्या फाईलीतील देवनागरी मजकूर तर विंडोजवर हमखास बिघडतो, कारण ३.१५ च्या आधीच्या पायथन आवृत्त्या तिथे यूटीएफ-८ ऐवजी सिस्टीमचे कोडपेज, म्हणजे तिची स्वतःची जुनी अक्षरपद्धत गृहीत धरतात. या गोष्टी पूर्वी तोंडी सांगितल्या जात. आता ज्याला शंका आली त्यानेच उत्तर मिळाल्यावर ते उदाहरणाच्या रूपात दस्तऐवजात घालायचे, असा आमचा शिरस्ता आहे, आणि ते दोन्ही सिस्टीमवर चालल्याखेरीज पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) स्वीकारली जात नाही. उदाहरणांसाठी लागणाऱ्या तात्पुरत्या फाईली तयार करण्याची आणि पुसण्याची सोय ‘टेस्टसेटअप’ आणि ‘टेस्टक्लीनअप’ या निर्देशांत आहे. पुसण्याचा कंटाळा केला, तर एका उदाहरणाचा कचरा पुढच्या उदाहरणाचे उत्तर बिघडवतो.

मोठे कोडचे तुकडे ‘लिटरलइन्क्लूड’ या निर्देशाने थेट मूळ फाईलीतून ओढून घेता येतात. येथे ओळींचे क्रमांक देण्याचा मोह टाळावा. मूळ फाईलीत वर कोणी एक ओळ वाढवली की दस्तऐवजात भलताच तुकडा छापला जातो आणि स्फिंक्सला त्यात काहीही वावगे दिसत नाही. त्याऐवजी कोडमध्ये खुणेच्या टिप्पण्या ठेवून ‘अमुक खुणेनंतर’ आणि ‘तमुक खुणेआधी’ असे सांगितले, तर खूण नाहीशी होताच इशारा मिळतो.

पण घोडे पेंड खाते ते या इशाऱ्यांपाशीच. स्फिंक्स मुळात फार सोशीक आहे. चित्राच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असेल तर विंडोजवर ते बिनबोभाट दिसते, लिनक्स सर्व्हरवर नुसता इशारा उमटतो, आणि पान चित्राशिवाय प्रसिद्धही होऊन जाते. म्हणून इशाऱ्यांना चूक मानण्याचा पर्याय, म्हणजे बांधणीच्या आज्ञेत मोठ्या लिपीतला डब्ल्यू (-W), पहिल्या दिवसापासून लावावा. माझ्या मते तो आपोआपच चालू असायला हवा होता. आवृत्ती ८.१ पासून त्यात एक चांगला बदल झाला आहे : पहिल्याच इशाऱ्याला न थांबता बांधणी शेवटपर्यंत जाते आणि सगळे इशारे एकत्र हाती येतात.

रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही स्फिंक्सची मूळ लेखनपद्धत मात्र नवख्यांची परीक्षा पाहते. दुव्याच्या शेवटची अधोरेषा राहिली तर दुवा तयार होत नाही, त्याच्या जागी तिरप्या अक्षरांतला मजकूर येतो, आणि त्याबद्दल इशारासुद्धा मिळत नाही. मिस्ट हे विस्तारक जोडले की मार्कडाउन चालते. अधूनमधून हातभार लावणाऱ्यांसाठी आम्ही तोच मार्ग मोकळा ठेवला आहे.

कोडमधील टिपणांतून दस्तऐवज तयार करणाऱ्या ऑटोडॉक या विस्तारकाविषयी थोडक्यात सांगायचे तर, ते मॉड्यूल (कोडची फाईल) नुसते वाचत नाही, इम्पोर्ट करते, म्हणजे प्रत्यक्ष चालवून आत घेते. इम्पोर्ट होताना फाईल उघडणारा किंवा फोल्डर तयार करणारा कोड मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर असेल, तर दस्तऐवज बांधताना तोही चालतो. असा कोड फंक्शनच्या आत हलवणे हाच खरा उपाय. बाहेरील अवलंबित्वांसाठी नकली मॉड्यूल देण्याची सोय आहे, पण ती आपल्याच कोडमधील असल्या खोडी झाकण्यासाठी वापरू नये.

आणखी एक त्रास अजून पूर्णपणे सुटलेला नाही. वेळ वाचवण्यासाठी स्फिंक्स फक्त बदललेली पानेच नव्याने बांधते, त्यामुळे अनुक्रमणिकेत नवे पान जोडले तरी इतर पानांच्या कडेची यादी कधीकधी जुनीच राहते. सर्व्हरवर आम्ही दर वेळी कोऱ्या फोल्डरात बांधणी करतो. स्वतःच्या संगणकावर मात्र ‘नवे पान दिसत नाही’ अशी तक्रार आली, की आधी बांधणीचे जुने फोल्डर पुसून पाहा, हे प्रत्येक नव्या सहकाऱ्याला अजूनही सांगावे लागते.