फिडे: रेटिंगची सेवा चोख, कारभाराचे काय?

जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजेच फिडे, खेळाडूला रेटिंग, म्हणजे त्याच्या खेळाची ताकद दाखवणारे गुण, देतो, किताब देतो, स्पर्धांना मान्यता देतो आणि त्यासाठी शुल्क घेतो; तेव्हा सेवा म्हणूनही त्याचे परीक्षण व्हायला हवे. यातली रेटिंगची सेवा मला मनापासून आवडते. दर महिन्याच्या १ तारखेला नवी यादी लागते आणि खेळाडूच्या नावावर गेले की कोणत्या डावात, कोणाविरुद्ध किती गुण वाढले किंवा घटले, हे दशांशापर्यंत पडताळता येते.

एवढा काटेकोरपणा सत्तास्थानी मात्र दिसला नाही, याचे वाईट वाटते. किरसान इल्युमझिनोव्ह १९९५ पासून २०१८ पर्यंत अध्यक्ष होते. सीरियाच्या सरकारला आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेला मदत केल्याचा ठपका ठेवून अमेरिकेच्या अर्थखात्याने नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांच्यावर निर्बंध घातले. त्यांनी आरोप फेटाळले, आर्थिक व्यवहार उपाध्यक्षांकडे दिले, पण अध्यक्षपद सोडले नाही. त्याची किंमत संस्थेने मोजली: २०१८ मध्ये यूबीएस या स्विस बँकेने फिडेची खाती बंद करण्याचा निर्णय घेतला. खेळाडूंच्या शुल्काचा पैसा ज्या संस्थेकडे जातो, तिच्यावर बँक शोधत फिरण्याची वेळ यावी, ही माझ्या मते अक्षम्य गोष्ट आहे.

विरोधी गटही निष्कलंक राहिला नाही. २०१४ च्या निवडणुकीत ११० विरुद्ध ६१ मतांनी हरलेले माजी विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह आणि फिडेचे माजी सरचिटणीस इग्नेशियस लिआँग यांना, मतांच्या पाठिंब्यासाठी पैशाचा करार केल्याच्या प्रकरणात, फिडेच्याच नीती आयोगाने दोषी धरले आणि दोघांवर दोन वर्षांची बंदी घातली.

मुळात दोष मतदानाच्या रचनेत आहे. हजारो खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेला एक मत आणि मूठभर खेळाडूंच्या संघटनेलाही एकच मत, त्यामुळे थोड्या पैशात किंवा आश्वासनांत वळवता येतील अशी मते पुष्कळ उरतात. शुल्क भरणाऱ्या खेळाडूला तर मतच नाही.

२०१८ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला १०३ विरुद्ध ७८ मतांनी अध्यक्षपदी निवडून आलेले आर्कादी द्वोरकोविच यांच्या काळात कारभार सुधारला, हे मी मान्य करतो. पण रशियाच्या या माजी उपपंतप्रधानांच्याच कारकिर्दीत, २०२३ मध्ये, अध्यक्षपदाच्या कार्यकाळावरची मर्यादा काढून टाकण्यात आली. रेटिंगसाठी मी पाचपैकी पाच तारे देईन. कारभाराला दोनच, आणि ती मर्यादा परत येईपर्यंत तिसरा देणार नाही.