हॅरिसन्स केव्ह, बार्बाडोस: जहाजाची वेळ सांभाळून बघायची गुहा

कॅरिबियन क्रूझवर बहुतेक बंदरांत तेच ते असतं: समुद्रकिनारा, कॅटामरान म्हणजे जोडनावेची सफर, नाहीतर बंदराबाहेरची दागिन्यांची दुकानं. त्याचा कंटाळा आला असेल, किंवा उन्हात फार चालू न शकणारी वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर बार्बाडोसची हॅरिसन्स केव्ह जरूर बघावी. ट्राममध्ये बसायचं, ती थेट गुहेत घेऊन जाते. इथे जाऊन नाराज होणारेही भेटतात. त्यांतले निम्मे घड्याळाच्या हिशेबात चुकलेले असतात, आणि उरलेले छताकडे बघत राहिल्यामुळे खालचं पाणी बघायचं विसरलेले.

गुहा बेटाच्या मध्यावर, सेंट थॉमस परगण्यात, वेल्चमन हॉल गावाजवळ आहे. ब्रिजटाउनच्या बंदरापासून नकाशावर अंतर किरकोळ वाटतं, पण रस्ता अरुंद, चढाचा आणि वळणावळणांचा आहे. अर्धा तास धरावा, शहरातल्या गर्दीच्या वेळी पाऊण तास.

आता हिशेब. जहाज सकाळी 8 वाजता धक्क्याला लागलं म्हणजे 8 वाजता उतरता येतं असं नाही. कागदपत्रं, दोर, जिना हे सगळं होऊन प्रवासी उतरेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. टर्मिनलमधून बाहेर येऊन टॅक्सी ठरवायला पंधरा-वीस मिनिटं. गुहेवर ट्रामच्या वेळेआधी अर्धा तास पोचावं, कारण तिकीट, सामान ठेवणं आणि लिफ्टने दरीच्या तळाशी जाणं हे सगळं त्याच वेळात करायचं असतं. म्हणजे 8 ला लागणाऱ्या जहाजासाठी 10 ची ट्राम ठीक, साडेनऊची म्हणजे धावपळ. गुहेवरचा सगळा कार्यक्रम साधारण दीड तासाचा, त्यात ट्रामवर प्रत्यक्ष आत जातो तो तासाच्या आत-बाहेर. साडेअकरा-बाराला मोकळे होऊन एकपर्यंत बंदरावर परत. जहाज 5 ला सुटणार असेल तर चढायची शेवटची वेळ बहुधा साडेचार असते, म्हणजे हातात भरपूर वेळ उरतो. जहाज 2 ला सुटणार असेल तर स्वतःच्या हिमतीवर जाऊ नये. तेव्हा जहाजाचीच सहल घ्यावी. ती महाग पडते आणि भल्यामोठ्या गटाबरोबर फिरावं लागतं, पण त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं. तुमची टॅक्सी अडकली तर थांबत नाही.

याच हिशेबात एक खाच आहे, आणि तीत हिवाळ्यात बरेच जण अडकतात. बार्बाडोसचं घड्याळ वर्षभर एकच राहतं. फ्लोरिडाचं मात्र नोव्हेंबर ते मार्च या काळात बार्बाडोसच्या एक तास मागे असतं. फ्लोरिडाहून निघालेलं जहाज कधी कधी आपली वेळ न बदलता तीच चालवतं. अशा वेळी जहाजाच्या घड्याळात 9 वाजलेले असताना किनाऱ्यावर 10 वाजलेले असतात आणि तुमची ट्राम निघून जात असते. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवायला लागतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दिवसपत्रिकेत ‘उद्या घड्याळं पुढे करा’ असं लिहिलंय का ते बघावं आणि हातावर एक साधं घड्याळ जहाजाच्या वेळेचं ठेवावं. ट्रामचं बुकिंग स्थानिक वेळेनं, परतीची वेळ जहाजाच्या वेळेनं.

पैशांचं गणित सोपं आहे, तरी भाव ठरवताना तिथेच गफलत होते. बार्बाडोसचा डॉलर अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे: 1 अमेरिकन म्हणजे 2 बार्बाडोसी. अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, पण सुटे पैसे स्थानिक चलनात परत मिळतात. ‘शंभर डॉलर’ ऐकलं की आधी विचारावं, कुठले? टॅक्सीला मीटर नसतो. नंबरप्लेट ‘झेड’ अक्षराने सुरू होते ती टॅक्सी. ‘झेड आर’वाल्या पांढऱ्या व्हॅन म्हणजे ठरावीक मार्गावरच्या शेअर गाड्या, त्यांत जोरजोरात गाणी आणि दाटीवाटी असते. टॅक्सीवाल्याशी जाणं, तिथे थांबणं आणि परत येणं असा एकच आकडा ठरवावा, तोही गाडीचा की माणशी हे स्पष्ट करून. पैसे परतल्यावर द्यावेत. सरकारी बस फार स्वस्त आहे, पण डोंगराकडच्या बसला फेऱ्या कमी. जहाज गाठायचं असताना तिच्या भरवशावर राहणं म्हणजे उगीच जिवाला घोर.

कपड्यांबाबत एक नियम माहीत नसेल तर फजिती होते. बार्बाडोसमध्ये लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज डिझाइनचे कपडे सैनिकांखेरीज कोणालाही घालायला कायद्याने बंदी आहे. लहान मुलांची चड्डी, टोपी, पाठीवरची सॅक, काहीही चालत नाही. बाकी साधे सुती कपडे आणि पकड असलेले बूट पुरेत. आत थंडी वाजत नाही. जमिनीखालच्या गुहेचं तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाइतकंच असतं, आणि इथे ते 27 अंशांच्या आसपास आहे. त्यात हवा ओलाव्याने भरलेली. स्वेटर आणू नका, रुमाल आणा.

आता गुहा. शेजारची सेंट लुसिया आणि सेंट व्हिन्सेंट ही बेटं ज्वालामुखीची, बार्बाडोस मात्र तसं नाही. अटलांटिकचा तळ कॅरिबियन भूपट्टाखाली सरकताना समुद्रतळाचा गाळ खरवडला जाऊन वर रचला गेला, आणि त्या उंचवट्यावर प्रवाळांनी चुनखडीचं टोपडं चढवलं. बेटाचा सुमारे 85 टक्के भाग आजही या प्रवाळ-चुनखडीखाली आहे; जाडी काही ठिकाणी 100 मीटरच्या घरात जाते. पावसाचं पाणी मातीतून जाताना कार्बन डायऑक्साइड उचलतं, सौम्य आम्ल बनतं आणि चुनखडी विरघळवत खाली उतरतं. चुनखडीखालचे थर पाणी पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून ते आडवं वाहू लागतं आणि कालांतराने बोगदे, दालनं, ओढे तयार होतात. बेटाच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा याच चुनखडीतल्या भूजलाचा आहे. आत काही टाकू नका, खाऊ नका ही सूचना त्यामुळे निव्वळ शिस्तीसाठी नाही.

1795 च्या सुमारास या गुहेचे उल्लेख सापडतात. नंतर ती विस्मृतीत गेली. 1970 मध्ये ओले सोरेन्सन या डॅनिश माणसाने स्थानिक साथीदारांसह ती पुन्हा शोधली आणि 1981 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. ट्राम नेण्यासाठी काही बोगदे खोदावे लागले, ओढ्याचं पाणी वळवावं लागलं, सिमेंटचा रस्ता करावा लागला. म्हणूनच सुरुवातीच्या टप्प्यात काही लोकांना ‘ही कसली गुहा, हा तर बोगदा’ असं वाटतं. थोडा धीर धरावा. पुढे ग्रेट हॉल लागतो, सुमारे 15 मीटर उंचीचा, आणि तिथे सगळ्यांचं बोलणं आपोआप थांबतं.

ट्राममधून दोन्ही बाजूंना बघताना लवणस्तंभ, म्हणजे ठिबकत्या पाण्यातला चुना साचून झालेले स्तंभ, ओळखणं जमलं तर मजा दुप्पट होते. छतातून स्ट्रॉसारख्या पोकळ, पांढऱ्या नळ्या लोंबताना दिसतील: हे अधोमुखी लवणस्तंभाचं बालपण. थेंब नळीच्या टोकाशी अडकतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निसटतो, पाण्याला तेवढा चुना धरून ठेवता येत नाही आणि टोकाभोवती कॅल्साइटचं, म्हणजे चुन्याच्या खनिजाचं, एक बारीक कडं बसतं. पाणी वाळून चुना उरतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण इतक्या दमट हवेत बाष्पीभवन नावालाच होतं. काम करतो तो निसटणारा वायू. नळी बंद पडली की पाणी बाहेरून ओघळतं आणि तिचा जाडजूड गाजरासारखा स्तंभ होतो. खाली जिथे थेंब आपटतो तिथे ऊर्ध्वमुखी स्तंभ, वरून चपटा. दोन्ही भेटले की खांब. वाढीचा वेग साधारण वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे बोटभर उंचीला काही शतकं. हाताचा तेलकटपणा लागला की त्या जागी पाणी नीट चिकटत नाही आणि वाढ खुंटते, म्हणून ट्राममधून हात बाहेर काढायचा मोह आवरावा. दिव्यांच्या अगदी जवळ दगडावर हिरवट साय दिसली तर तीही बघून ठेवा. ते शेवाळ आहे आणि ते केवळ माणसाने लावलेल्या प्रकाशामुळे उगवतं.

पण या गुहेचं खरं भांडवल पाणी आहे. जगातल्या कित्येक दाखवायच्या गुहा कोरड्या पडलेल्या, वाढ थांबलेल्या असतात. ही जिवंत आहे: ओढा वाहतो, डोह भरतात, धबधबा कोसळतो. कॅस्केड पूलपाशी ट्राम थांबली की छत सोडून डोहाकडे बघा. पाणी इतकं नितळ की तळ हाताशी असल्यासारखा वाटतो. उथळ कुंडांच्या काठावर कॅल्साइटचे पातळ बांध दिसतील. पाणी काठावरून पातळ होऊन सांडतं, तिथेच वायू झपाट्याने निसटतो, म्हणून बांध काठालाच चढत जातो. मिनिटभर कोणी बोललं नाही तर थेंबांचे वेगवेगळे सूर ऐकू येतात. गाइडला विनंती केली तर बहुतेक जण ही शांतता मिळवून देतात.

थांबे थोडे आणि प्रत्येकी काही मिनिटांचे. गुहांची सवय असलेल्यांना ही तक्रार राहणारच, आणि ती रास्त आहे. त्यांच्यासाठी हेल्मेट-दिवा, गुडघ्याचे पॅड लावून चिखलातून सरपटायची वेगळी सहलही असते. पण ती बरीच लांब, अंगभर चिखलाची, आणि जहाजाच्या दिवशी जमवणं अवघड.

फोटोंबद्दल थोडंसं. वातानुकूलित टॅक्सीतून थेट गुहेत गेलात की भिंग लगेच धुरकटतं. गुहेवर पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच कॅमेरा बाहेरच्या हवेत काढून ठेवावा. चालत्या ट्राममधून फोनच्या नाइट मोडने काढलेला फोटो हलणारच, तो थांब्यासाठी राखून ठेवा. कॅमेऱ्यावर आयएसओ 3200 आणि शटर 1/60 पासून सुरुवात करावी. फ्लॅश बंदच ठेवा. हवेतल्या तुषारांवर आपटून तो नुसते पांढरे ठिपके देतो आणि मागच्या रांगेचे डोळे दिपवतो. कडेच्या जागेवरून चांगलं दिसतं, पण थेंबही तिथेच पडतात. चष्मेवाल्यांनी पुसायचं फडकं खिशात ठेवावं.

जून ते नोव्हेंबर पावसाळा. तेव्हा ओढे जोरात असतात आणि गुहा सर्वांत देखणी दिसते, मात्र मोठा पाऊस झाला तर आत पाणी वाढून ट्राम बंद ठेवली जाऊ शकते. बुकिंग करताना रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, आणि जहाजच बंदरात आलं नाही तर काय, हे दोन्ही आधी वाचून घ्यावं. एका दिवशी तीन-चार जहाजं बंदरात असतील तर सकाळची पहिली ट्राम, नाहीतर दुपारी दोननंतरची घ्यावी. साडेदहा ते एक ही बसगाड्यांच्या लोंढ्याची वेळ.

वेळ उरला तर जवळच वेल्चमन हॉल गली आहे. छत कोसळून उघड्या पडलेल्या गुहांची ही घळ, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब. जायफळाची झाडं, नेचे, आणि घळीच्या कड्यांना अजून लटकलेले लवणस्तंभ. आधी गुहा बघून मग इथे यावं, म्हणजे छत गेल्यावर गुहेचं काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. हिरवी माकडं असतात, खाऊ पिशवीतच राहू द्या. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला केन्सिंग्टन ओव्हलवरून न्यायला सांगता येतं. 29 जून 2024 चा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना भारताने तिथेच जिंकला आणि मैदान बंदरापासून जवळ आहे.

क्रूझच्या मार्गावर इतरही गुहा लागतात. कुरसावमधल्या हातो गुहेला आधी 49 पायऱ्या चढाव्या लागतात, आत उकाडा जास्त आणि फोटोंवर निर्बंध. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ला रोमानाजवळची क्वेवा दे लास माराव्हियास ताइनो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भित्तिचित्रांसाठी बघावी, तिथे पाण्यापेक्षा माणसाचा इतिहास बोलतो. ग्रँड केमनची क्रिस्टल केव्ह्ज सुंदर आहे, पण तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीने किनाऱ्यावर यावं लागतं आणि गुहा बेटाच्या दुसऱ्या टोकाकडे. चार-पाच तासांच्या थांब्यात ती धरू नये.

चालत, वाकत, टॉर्च घेऊन गुहा पाहिलेल्यांना हॅरिसन्सची ट्राम फार सोयीस्कर वाटेल. लहान मुलं, सत्तरीतले आईवडील आणि पहिल्यांदाच जमिनीखाली उतरणारे यांच्यासाठी मात्र कॅरिबियनमध्ये याहून सोपी आणि इतकी ओली, जिवंत गुहा मिळणं कठीण. व्हीलचेअर असेल तर ट्रामवर बसण्याची सोय बुकिंगच्या वेळीच लेखी विचारून घ्यावी, आणि टॅक्सीच्या डिकीत ती मावते का तेही बंदरावरच बघावं.