बोवी की खुकरी?

दोन्ही मोठे सुरे, पण घडण पार वेगळी. अमेरिकेतल्या बोवीचं नाव गाजलं ते १८२७ साली, मिसिसिपीकाठच्या वाळूच्या पट्ट्यावरच्या मारामारीने. गोळ्या लागलेल्या, गुप्तीने भोसकलेल्या जिम बोवीने सुऱ्यानेच प्रतिस्पर्ध्याला लोळवलं. तेव्हाची पिस्तुलं सहसा एकाच गोळीची, तीही कधी फुसकी निघायची. मग कमरेचा सुराच कामी यायचा. रिव्हॉल्व्हर रुळलं आणि बोवीचा भाव उतरला.

नेपाळच्या खुकरीचं पातं पुढे झुकलेलं, वजन टोकाकडे. त्यामुळे हाताच्या एका झटक्यात घाव खोल बसतो. १८१४-१६ च्या युद्धात इंग्रजांनी तो अनुभवला आणि त्याच गुरख्यांना आपल्या फौजेत घेतलं! म्यानात दोन छोट्या पात्यांचीही सोय असते: एक किरकोळ कापाकापीला, दुसरं बोथट, धार नीट करायला.

भोसकायला बोवी सरस. टोक अणकुचीदार, आणि बहुतेकांना मुठीपुढे आडवी पट्टी, म्हणजे हात पात्यावर घसरत नाही. खुकरीला अशी पट्टी नसते. तिचा पिंडच तोडण्याचा. तरी माझं मत खुकरीलाच. लढाई नसेल तेव्हा ती झुडपं तोडते, लाकूड फोडते, आणि गुरखा पलटणींत आजही आहे.