पन्नाशीनंतर कपाटात एकच बाटली: ब्लेंडेड, सिंगल माल्ट की फेणी?

पन्नाशी आली की पिणाऱ्यांच्या कंपूत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता कमी प्यायची, पण चांगली प्यायची." प्रत्यक्षात बहुतेकजण नेहमीच्या ब्रँडच्या एक पायरी वरची बाटली आणतात आणि पेग मात्र पूर्वीइतकेच भरतात. खर्च वाढतो, सकाळ तशीच जड जाते. यापुढे घरात एकच बाटली ठेवायची तर ती कुठली, एवढ्या प्रश्नापुरती ही तुलना. माझी कसोटी साधी आहे: पहिल्या पेगनंतर जी हात मागे घेऊ देते ती बाटली बरी. चव आणि रुबाब त्यानंतर.

आधी शरीराचं बघू. वयाबरोबर अंगातलं पाणी कमी होतं आणि चरबी वाढते. दारू पाण्यात पसरते, चरबीत फारशी नाही. त्यामुळे तिशीत सहज पचणारे दोन लार्ज पंचावन्नाव्या वर्षी रक्तात जास्त चढतात. झोप पटकन लागते, पण रात्री दोन-तीनला टक्क जाग येते, कारण दारू उतरायला लागली की झोप मोडते. त्यात बीपीची, साखरेची गोळी सुरू झालेली असते.

मग "व्हिस्की सोडली, बिअरवर आलो" हा ठरलेला तोडगा निघतो. त्याचा हिशेब मांडून बघा. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ६० मिलीच्या लार्जमध्ये साधारण २६ मिली शुद्ध अल्कोहोल. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ५२ मिली देते, म्हणजे दोन लार्ज बरोबर. पाच टक्क्यांची साधी बिअरसुद्धा एका लार्जच्या पुढेच जाते. तेरा टक्क्यांची रेड वाइन दीडशे मिली घेतली तर त्यात २० मिलीच्या जवळपास. 'हलकं' वाटणं जिभेचं असतं, लिव्हरला फक्त मिली कळतात. म्हणून बिअर मी या स्पर्धेतून सुरुवातीलाच काढतो. वाइनही काढतो, कारण बाटली उघडली की दोन-तीन दिवसांत संपवावी लागते आणि एकट्याच्या घरात ती संपवण्यासाठीच प्यायली जाते.

आता आपली नेहमीची ब्लेंडेड व्हिस्की. वाइन शॉपच्या दर्शनी फळीवरच्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या देशी व्हिस्कीचा मोठा भाग म्हणजे मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला जवळजवळ बिनचवीचा स्पिरिट, त्यात थोडा माल्ट (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची दारू) आणि रंगासाठी कॅरॅमल. मळीच्या स्पिरिटवाल्या बाटलीला युरोपात व्हिस्की म्हणून विकताच येत नाही, तिथला कायदा धान्य मागतो. साखर कारखान्यांच्या मुलखात राहणाऱ्यांनी यावर नाक मुरडावं असं मला वाटत नाही. मळीची दारू वाईट असते असं कोण म्हणतं? रम बहुधा मळीचीच असते. या ब्लेंडेडचा दोष वेगळा आहे. ती बनवलेलीच असते सोडा, पाणी, बर्फ आणि चखण्याबरोबर सलग पिण्यासाठी. नाकाला अडवेल, जिभेला थांबवेल असं तिच्यात काही ठेवलेलं नसतं. चार मित्र बसले, शेंगदाणे-चकली आली, की तिसरा पेग कधी भरला हे कळत नाही. जमावासाठी तिच्यासारखी सोयीची बाटली दुसरी नाही आणि कमी करायला निघालेल्यासाठी तिच्याइतकी अडचणीचीही नाही. स्कॉटलंडहून आलेली नेहमीची ब्लेंडेड स्कॉच दर्जाने बरीच वर असते. कायद्यानेच ती ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली आणि किमान ४० टक्क्यांची असावी लागते. पण सोड्यात ओतली की वागते तशीच.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीतला, फक्त माल्ट केलेल्या बार्लीचा, भांड्याच्या भट्टीतून काढलेला माल. आपल्याकडे ही गोष्ट अलीकडची. बंगळूरच्या अमृतने २००४ मध्ये आपला सिंगल माल्ट आधी ग्लासगोत नेऊन विकायला काढला. २०१० मध्ये त्यांच्या 'फ्यूजन'ला व्हिस्की-समीक्षक जिम मरेने जगातल्या पहिल्या तिनांत बसवलं आणि मग इथल्या लोकांनी तिच्याकडे वळून पाहिलं. गोव्यातली पॉल जॉन २०१२ मध्ये बाजारात आली, तीही आधी ब्रिटनमध्येच. हरियाणाची इंद्री त्यानंतरची. या बाटल्यांवर बहुधा वर्षांचा आकडा नसतो, म्हणून बारा वर्षांच्या स्कॉचची सवय असलेले बिचकतात. बिचकायचं कारण नाही. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातला साधारण दोन टक्के माल वर्षाला उडून जातो, गोव्यात सुमारे आठ आणि बंगळूरला दहा-बारा टक्क्यांपर्यंत. उष्णतेने लाकूड आणि दारू भराभर एकमेकांत भिनतात. इथे बारा वर्षं वाट पाहिली तर पिंपात विकण्याजोगं फारसं उरणारच नाही.

माझ्या कसोटीवर माल्ट उजवा ठरतो, कारण त्यात सोडा घालायची इच्छा होत नाही. यातल्या बऱ्याच बाटल्या ४६ टक्क्यांच्या असतात. ३० मिली, त्यात चमचाभर साधं पाणी, आणि अर्धा तास वास घेत बसायचं. पाण्याने वास खुलतो हा केवळ शौकिनांचा भ्रम नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकीय प्रारूपात दाखवलं की प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली आलं की धुरकट वासाचा ग्वायकॉल पृष्ठभागाकडे सरकतो. शिवाय साठीनंतर नाक मंदावत जातं. म्हणजे माल्टची हौस असेल तर ती आत्ता भागवावी, 'रिटायर झाल्यावर बघू' म्हणून ठेवण्यातली ही गोष्ट नाही.

किंमत परवडेल का? समजा, आठवड्यातून तीनदा दोन-दोन लार्ज होतात. म्हणजे आठवड्याला ३६० मिली, एक खंबा (७५० मिलीची बाटली) दोन आठवड्यांत रिकामा. ब्रिटनमध्ये आठवड्याला १४ युनिटपेक्षा (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल) जास्त नको असा सरकारी सल्ला आहे, आणि हे १५ च्या वर जातं. आता आठवड्यातून दोनदा ३० मिलीवर या. खंबा बारा आठवडे पुरतो, युनिट तीनच्या आत येतात. याचा अर्थ सहापट महाग बाटली घेतली तरी खर्च तोच. अट एवढीच की ३० मिली मापाने मोजायचं. डोळ्याने भरलेला स्मॉल घरोघरी ४५ मिलीचा असतो, आणि पाहुण्यासाठी भरताना ६० चा.

फेणीला लोक या यादीत घेतच नाहीत, हा तिच्यावरचा अन्याय आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचं पेय ठरवलं. बोंडं तुडवून काढलेला रस आपोआप आंबतो. बाहेरचं यीस्ट नाही, रंग नाही, पिंप नाही. पहिल्या धारेचं उर्राक साधारण पंधरा टक्क्यांचं, पुढच्या उर्ध्वपातनानंतर फेणी चाळिशीच्या पुढे. (सिंधुदुर्गातल्या बागांमधून तीच बोंडं झाडाखाली कुजतात, हे बघून जीव तुटतो.) वास असा उग्र की बूच काढलं की घरभर बातमी. माझ्या कसोटीला हा वास मदतच करतो, चांगली फेणी घाईने पिताच येत नाही. मात्र ती लिम्का-मिरची-मिठाबरोबर घेतली की सगळा लगाम सुटतो. उर्राकचं तर विशेष सांभाळा. सरबतासारखा गेलेला १८० मिलीचा ग्लास म्हणजे २७ मिली अल्कोहोल, बरोबर एक लार्ज. मार्च ते मे त्याचा हंगाम, दुपारची उन्हं, आणि तीन ग्लास कुठे जातात पत्ता लागत नाही.

दर्जाच्या बाबतीत फेणी बेभरवशाची. एका भट्टीची अप्रतिम, शेजारची नुसती जाळणारी. माल्टमध्ये बाटलीमागून बाटली तीच चव मिळते. नवख्याने लेबल असलेली, नामांकित बाटली घ्यावी. प्लॅस्टिकच्या बाटलीतून येणारी 'घरची' ओळखीच्या हाताशिवाय घेऊ नये.

रमबद्दल थोडक्यात: ओल्ड मंक १९५४ पासून आहे, तिच्यावर प्रेम करा, पण कोकबरोबर घेतली की साखरही पोटात जाते. जिन आणि व्होडका टॉनिक-ज्यूसमध्ये लपतात, म्हणून या कामाला नाहीत.

एक पर्याय कपाट रिकामं ठेवण्याचाही आहे आणि काहींसाठी तोच एकमेव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. लिव्हरचे आकडे वर असतील, इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी, झोपेची गोळी किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर माल्ट की फेणी हा वाद आधी डॉक्टरपुढे न्या. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एका रात्रीत बंद करू नये. हात थरथरण्यापासून झटके येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ते काम देखरेखीखाली होतं, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच करतंय. आणि मोजून ३० मिलीवर थांबणं महिनाभर जमलंच नाही, तर दोष बाटलीचा नाही हे ओळखून याच रांगेत यावं.

ज्यांना थांबणं जमतं त्यांच्यासाठी माझं मत: एकच बाटली तर भारतीय सिंगल माल्ट, ४६ टक्क्यांची. गोव्याशी नातं असेल, नाक धीट असेल तर फेणी. ब्लेंडेड घरात नको, मित्रांकडे आहेच.

घेताना तीन गोष्टी. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क बरंच वाढवलं, त्यामुळे गोव्यातला भाव ऐकून इथल्या दुकानात वाद घालू नका. जुलै २०२५ च्या ब्रिटनबरोबरच्या करारात स्कॉचवरचं आयात शुल्क १५० वरून ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्के करायचं ठरलंय, पण राज्याचं शुल्क त्यावर वेगळं बसतं, तेव्हा स्कॉच निम्म्या किमतीत मिळेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. आणि गोव्याहून येताना डिकीत खंबे भरायचा विचार असेल तर आधी परवान्याचं बघा. इन्सुलीच्या नाक्यावर 'फेणी वारसा आहे' हे उत्तर चालत नाही.